चांदीच्या डबीतलं पाणी

लातूर
६ मार्च २०१६

ती. विरूपाक्षअण्णा यांस,
शिवकांताचा नमस्कार.

काल रुद्राणीवहिनींचा फोन आला होता. अव्वाच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी, तिची करडगी, तुम्हाला हवी आहे, असं त्या म्हणाल्या. तुम्ही शेजारीच बसला होतात हे मला कळत होतं, कारण प्रत्येक वाक्याआधी वहिनी थांबत होत्या. फोन त्यांच्याकडे द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "ते भाईर गेलेत." म्हणून हे पत्र. पत्राला कोणी बाहेर गेलेत असं सांगत नाही.

करडगी माझ्याकडेच आहे. अव्वाला समाधीत बसवून, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवून, रिकामी डबी स्वामींनी माझ्या हातात दिली. मुलगा कुठं आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी येत असतील म्हणाले. निरोप मी सकाळीच दिला होता. देगलूर काही परदेशात नाही.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्या दिवशी मी बेल आणि भस्म घेऊन समाधीवर गेले, तेव्हा माती ओली होती. शिंपडल्यासारखी नाही, चांगली घागरभर पाणी ओतल्यासारखी. या शहरात सध्या लोक पाण्याच्या पिंपाला कुलूप लावतात. आमच्या गल्लीत नळ शेवटचा कधी आला ते कोणाला सांगता येत नाही. राखणदाराला विचारलं, तर त्याला काही माहीत नाही. कोणी ओतलं हे मी शोधते आहे.

करडगी मी देईन. पण आधी एक सांगा. आपण नांदेडला जो सिनेमा पाहिला, त्याचं नाव काय?

हसू नका. शेवटच्या आठ-दहा दिवसांत अव्वा मला ओळखत नव्हती. डोळे मिटून पडलेली असायची आणि मधेच विचारायची, "पोरगी अजून वाटेवरच हाय का गं?" कोण पोरगी म्हटलं, की म्हणायची, "ती गं, डबीवाली." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. डबीवाली मुलगी त्या सिनेमातली. तो सिनेमा तुम्ही आणि मी पाहिला. अव्वा गावाकडे पाझर तलावाच्या कामावर दगड उचलत होती. मग तिला ही मुलगी कुठून माहीत?

मला आठवतं ते असं. एक कोरडं जग. लाल जमीन, भेगा पडलेली, माणसं जमिनीखाली राहतात, कारण वरचं पाणी संपलं आहे. त्यांच्यातली एक मुलगी, माझ्याएवढी, दुसऱ्या ग्रहावर पाठवतात. तिकडे नदी आहे. कणगीसारखं गोल लोखंडी घर, ते उडतं. मुलीच्या अंगात चंदेरी कपडे, डोक्यावर काचेची बरणी पालथी घातलेली, त्यामुळे तोंड दिसत नाही. छातीवर चांदीची डबी, आणि त्या डबीत घरचं उरलेलं शेवटचं पाणी. डबीवर हिरवा दिवा. दिवा चालू आहे तोवर पाणी आहे. आणि एक नियम: वाटेत रडायचं नाही. रडलं की डबीतलं पाणी आटतं.

सिनेमा तेलुगू होता. तुम्ही मामांकडे देगलूरला एक वर्ष शाळेत होतात, तुम्हाला तेलुगू येत होतं, म्हणून तुम्ही माझ्या कानात मराठीत सांगत होतात.

शेवटचं चित्र मला आठवतं, पण ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही सिनेमा खरंच ओळखता की मला काहीतरी नाव लिहून पाठवता, ते मला बघायचं आहे.

शिवकांता

लातूर
२७ मार्च २०१६

ती. विरूपाक्षअण्णा यांस,
नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "सिनेमा आठवत नाही. करडगी पाठव." एवढंच. पत्ता मात्र नीट लिहिला आहे.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. तिथं मुलांना पहिली गोष्ट शिकवतात, की दिसलं ते एका रकान्यात लिहायचं आणि त्यावरून काय वाटलं ते दुसऱ्या. मी तसं करून बघितलं.

दिसलं ते: तुम्हाला त्या वर्षाची प्रत्येक गोष्ट आठवते. लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात कोण पुढारी आले, त्यांच्या जीपचा रंग कोणता, हे तुम्ही सांगायचात. जिल्हा झाला म्हणजे नळ येईल असं लोकांना वाटत होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात आड कोरडा पडल्यावर गावातले धोंडूमामा म्हणाले होते, जिल्हा आला पण पाणी अजून उस्मानाबादलाच हाय. हेही तुम्हीच सांगायचात, नक्कल करून. त्याच उन्हाळ्यातला, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजमध्ये बसून पाहिलेला सिनेमा तेवढा आठवत नाही.

वाटलं ते लिहीत नाही.

मी माझ्या परीने शोधते आहे. आमच्याकडच्या एका मुलाने कॉम्प्युटरवर हे वर्णन टाकलं. कुठकुठल्या देशातल्या लोकांनी नावं कळवली. मी एकेक बघितला. कशात उडतं घर आहे पण मुलगी नाही, कशात मुलगी आहे पण डबी नाही. पाणी तर कशातच नाही. भौतिकच्या सरांच्या मिसेस आदिलाबादच्या आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तेलुगूत तेव्हा असले सिनेमे निघतच नव्हते, देवादिकांचे निघायचे, तुम्ही कुठल्या तरी देवीच्या सिनेमात झोपला असाल. मग त्यांनी चहा केला. मी अर्धाच घेतला, कारण त्यांच्याकडेही टँकरच होता.

आता तुम्हाला आठवतं का बघा. सिनेमा संपायच्या आधी तुम्ही उठलात. "बस, शेंगा घेऊन येतो," म्हणालात. त्यानंतरचं सगळं मी एकटीने पाहिलं आणि त्यातलं मला अक्षर कळलं नाही, कारण सांगणारा उठून गेला होता. दिवे लागले तेव्हा तुमच्या जागेवर ईश्वरप्पा काका बसलेले होते. ते म्हणाले, चला, मावशी वाट बघते.

तुम्ही त्यानंतर मला भेटलात ते दिवाळीला. मी तेव्हा गावी पाहुणी म्हणून आले होते. अव्वाने मला पाट दिला होता.

तेहतीस वर्षांत मी हे कधी विचारलं नाही. आता विचारते. शेंगा घ्यायला उठलात, तेव्हा परत यायचं नाही हे ठरलेलं होतं का?

शिवकांता

लातूर
१७ एप्रिल २०१६

अण्णा,

तुमचं दुसरं कार्ड आलं. "अव्वाला सिनेमातलं मीच कधी सांगितलं असेल. जुनं उकरू नये. शेवट काय झाला ते मला माहीत नाही."

मी तुम्हाला शेवट विचारलाच नव्हता.

ज्याला सिनेमाच आठवत नाही तो शेवट माहीत नाही असं म्हणत नाही. शेवट तेवढा माहीत नाही म्हणजे बाकीचं माहीत आहे. आणि अव्वाला तुम्ही सांगितलं, म्हणजे घरी जाऊन सांगितलं. मला तिथं सोडून गावी परतलात आणि तिच्याजवळ बसून सिनेमाची गोष्ट सांगितलीत. तिने ती ऐकली. हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाही.

माझा संशय आता एकट्या तुमच्यावर नाही. त्या दिवशी निघताना अव्वाने स्वतःची करडगी काढून माझ्या गळ्यात घातली होती. स्वतःचं लिंग तिने कापडात बांधलं. नांदेडला मावशीकडे जायचं, सिनेमा बघायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत, असं मला सांगितलं होतं. दोन दिवसांसाठी कोणी गळ्यातली करडगी काढून देत नाही. म्हणजे तिला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. मावशीला, काकांना, बहुतेक एसटीच्या कंडक्टरलाही. एकटी मी नवं परकर-पोलकं घालून सिनेमाला निघाले होते.

करडगी मी पुढे नोकरी लागल्यावर तिला परत केली. तिने घेतली, डोळ्याला लावली, आणि एवढंच म्हणाली, "पोचली म्हणायची." मला वाटलं डबीबद्दल बोलते आहे.

सात वर्षांपूर्वी मी तिला डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला आणलं आणि परत पाठवलं नाही. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "तू अव्वाला पळवलीस." मी म्हणाले, तुमच्याकडूनच शिकले. त्यानंतर तुम्ही उंबरा चढला नाहीत. ते शब्द मी मागे घेत नाही. पण त्या सात वर्षांत मी तिला रोज विचारू शकले असते आणि विचारलं नाही. आम्ही दोघी टीव्ही बघायचो. तिला भाजी निवडायला आवडायचं. मला वाटायचं, आज नको.

पाण्याची रेल्वे आली इथं. लोक बघायला गेले होते, हारतुरे घेऊन. मी नाही गेले.

येत्या सुट्टीत मी नांदेडला जाणार आहे. मावशी नाही, पण काका आहेत. त्यांना खोटं बोलण्याचं काही कारण उरलेलं नाही.

शिवकांता

नांदेड
१ मे २०१६

अण्णा,

हे काकांच्या घरी बसून लिहिते आहे. काकांना आता कमी ऐकू येतं, पण बोलणं तसंच आहे. मला बघून पहिलं वाक्य: "लातूरहून आलीस? आंघोळ करून घे पोरी, लाजू नको. सगळे लातूरचे पाहुणे आजकाल पिशवीत टॉवेल घेऊनच येतेत." मी टॉवेल नेलेला होता.

जेवण झाल्यावर मी सिनेमा काढला. त्यांना लगेच आठवला. तेलुगू सिनेमा होता ना, म्हटलं.

"तेलुगू कुठला? इंग्रजी होता. सकाळच्या खेळाला इंग्रजी लावायचे, कुणी येत नव्हतं, तिकीट सस्त. मी उशिरा आत आलो, एक शब्द कळंना. डुलकी लागली."

मी म्हटलं, त्यात एक मुलगी होती. चंदेरी कपड्यातली.

"पोरगी?" काका हसायला लागले. "चांगला सहा फुटी गोरा बाप्या होता. बरणी काढल्यावर मिशा दिसल्या की. पोरगी म्हणं."

छातीवर चांदीची डबी होती, ती तरी? ते म्हणाले, होतं काहीतरी, रेडिओ असेल. पाणी? पाण्याचं काही नव्हतं. सारखं दिवे लागायचे आणि विझायचे.

मग कळत गेलं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजीत तुम्ही त्याच वर्षी नापास झाला होतात, अव्वाने सगळ्या गावाला सांगितलं होतं. पण मला इंग्रजी आणि तेलुगू काय, न कळणारं सगळं सारखंच. आपल्या गावात समजत नाही ते सगळं तेलुगूच. तुम्ही तेलुगू म्हणालात, मी मानलं. आणि तेहतीस वर्षं मी तो तेलुगूच धरून चालले.

कोरडं जग, नदी असलेला ग्रह, माझ्याएवढी मुलगी, गळ्यातली डबी. मी त्या दिवशी गळ्यात अव्वाची करडगी घालून बसले होते. पडद्यावरच्या माणसाच्या छातीवर पेटी दिसली आणि तुम्ही म्हणालात, "बघ, तुझ्यासारखीच." ती मुलगी सिनेमात नव्हतीच. ती खुर्चीत बसलेली होती.

म्हणजे रडायचं नाही हा नियमही तुमचाच. तुम्हाला सांगते, मी तो पाळला. मावशीकडे पहिल्या दिवसापासून. मावशी शेजारणींना सांगायची, पोरगी कशी दगडासारखी हाय, आईची आठवणसुद्धा काढत न्हाई. अव्वाला बसवलं तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तुम्ही हे किती सोपं करून ठेवलंत, तुम्हाला कल्पना आहे का?

पण खरं लिहायचं ते पुढंच आहे. मी काकांना विचारलं, मला ठेवून घ्यायचं हे कोणी ठरवलं. काकांनी पान लावायचं थांबवलं.

"तुला खरं सांगू का, आम्ही पोराला मागितलं होतं. विरूला. शाळा शिकला असता, पुढं रेल्वेत चिकटवला असता मी. तुझ्या मावशीनं, रत्नीनं, खोलीत त्याच्यासाठी टेबल आणलं होतं. आणि हा आला तो तुला घेऊन. मी न्यायला गेलो तर टॉकीजच्या भाईर माझ्यापुढं उभा राहिला, म्हणला, काका, आत कांता बसली हाय, तिला ठेवून घ्या. आणि शेंगाचा पुडा हातात घेऊन पळाला की ष्टँडकडं."

मावशीने ते टेबल मला दिलं. मला ते कायम उंच पडायचं. का, ते आज कळलं.

तुमच्या जागी तुम्ही मला ठेवलंत. अव्वाजवळ तुम्हाला राहायचं होतं, म्हणून मला पाठवलंत, आणि जाता जाता सिनेमाची गोष्ट लावून दिलीत, म्हणजे मी ओरडणार नाही. करडगी तुम्हाला मिळणार नाही. वहिनींनी फोन करू नये.

शिवकांता

लातूर
२२ मे २०१६

अण्णा,

वहिनींनी फोन केला नाही, त्या स्वतःच आल्या. औशाला त्यांच्या भाचीचं लग्न होतं म्हणे. मला खरं वाटलं नाही, पण पायाला हळद लागलेली होती. येताना त्यांनी पाण्याचा निळा कॅन आणला होता. या दिवसांत लातूरला पाहुणे पेढे आणत नाहीत, पाणी आणतात. कॅन त्यांनी मोरीजवळ ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"ह्योच कॅन. ह्यातच नेलतं त्यांनी."

काय नेलं, कुठं, असं मी विचारलं. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मग त्या खाली बसल्या आणि सांगत राहिल्या. तुम्ही मातीच्या दिवशी आला होतात. टेम्पोने, वेळेत. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलात. फुलांनी सजवलेलं अव्वाचं विमान खांद्यांवर निघालं, पुढे मी चालत होते, आणि तुम्ही समोरच्या पानाच्या टपरीआड गेलात. का विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "म्हणले, ती रडंना. माझ्यामुळं रडंना. मी कसं जाऊ म्होरं." आणि तिसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा आलात, देगलूरच्या घरच्या बोअरचं पाणी घेऊन, आणि सगळा कॅन मातीवर रिकामा करून गेलात.

वहिनींना मी म्हटलं, तिथं एवढं पाणी ओततात का, इथं माणसांना नाही. त्या म्हणाल्या, "मी बी तेच म्हणले. तर म्हणले, तिनं लई वाट बघितली."

जाताना त्यांनी तुमचं पत्र दिलं. कार्ड नाही, पाकीट. तुम्ही लिहिलेलं मी चार-पाचदा वाचलं. आधी संशयानेच वाचलं, हे खरं आहे. कुठं स्वतःला चांगलं दाखवलं आहे का, ते शोधत होते. तसं काही सापडलं नाही.

तुम्ही लिहिता, "मावशीने मला मागितलं. मी जात नाही म्हणालो. अप्पा गेल्यावर अव्वा कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला सोडून मला जायचं नव्हतं. मग तू. तुझं भलं होईल म्हणून पाठवलं, असं मी नंतर लोकांना सांगायला शिकलो. तेव्हा तसं मनात नव्हतं."

हे वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही, याचंच आश्चर्य वाटतं. भल्यासाठी पाठवलं असं लिहिलं असतंत, तर पत्र मी मोरीत टाकलं असतं.

पुढं लिहिता, "अव्वा नको म्हणत होती. तिला मी गप्प केलं. करडगी तिने उंबऱ्यात तुझ्या गळ्यात घातली, मला न विचारता. गोष्ट एसटीत सुचायला लागली. तू विचारत होतीस, सिनेमात काय असतं. मला काय माहीत? तिकडे पाणी आहे, जाणारीला भ्यायचं कारण नाही, एवढं तुझ्या डोक्यात घालायचं होतं. मग पडद्यावर जे येईल त्याला मी जोडत गेलो. मधेच मला कळलं की मुलगी पोचल्यावर पुढं काय, हे मला सांगता येईना. परत येते म्हणालो तर तू वाट बघशील. येत नाही म्हणालो तर तू तिथंच उठशील. म्हणून उठलो. शेंगा मी खरंच घेतल्या. परत आत यायचा धीर झाला नाही. शेंगा घरी नेल्या. अव्वाने त्या फोडल्या नाहीत.

"अव्वा विचारायची, काय बघितलं पोरीनं? मी तुला सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. मग रोज कामावरून आली की विचारायची, पोरगी पोचली का? मी म्हणायचो, वाटेवर हाय. तू कॉलेजात गेलीस तरी विचारायची, वाटेवर हाय का? तिच्यासाठी सुद्धा मला शेवट करता आला नाही.

"करडगी नको. मागितली ते चुकलं. फक्त एक सांग. मी उठल्यावर काय झालं? मी सिनेमा पूर्ण पाहिला नाही. तू पाहिलास. शेवटी काय झालं?"

माझं उत्तर तयार नाही. म्हणून आज एवढंच.

शिवकांता

लातूर
१२ जून २०१६

अण्णा,

तीन आठवडे घेतले. उगीच नाही. जे आठवतं ते खरं आठवतं की मी मागाहून घातलं, हे मला तपासायचं होतं. मी नांदेडला काकांना परत फोन करून विचारलं, शेवट तुम्ही पाहिला का? ते म्हणाले, मधे डुलकी लागली पण शेवटाला जागा होतो, दिवे लागले की चपला शोधाव्या लागतात. आधी त्यांना सांगू दिलं. मग माझं ताडून पाहिलं. जुळलं.

सिनेमाचं नाव मला सापडलेलं नाही आणि मी आता शोधणंही थांबवलं आहे. कॉम्प्युटरवाल्या मुलाला सांगितलं, तो सिनेमा मिळणार नाही, तो एकाच खेळाला लागला होता आणि तोही दोन खुर्च्यांपुरता.

तुला ऐकायचं आहे ना? मग नीट बस. भाषा मला तेव्हाही येत नव्हती, आताही दिसलं तेवढंच सांगते.

तू उठलास तेव्हा ते गोल घर उतरत होतं. धूळ उडाली. दार उघडलं आणि चंदेरी कपड्यातलं माणूस एकटंच खाली आलं. मी तिला मुलगीच म्हणते, मला तशीच सवय आहे. ती चालत राहिली. नदी कुठं दिसली नाही. मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं, नदी कुठं आहे ते विचारायला. खुर्ची रिकामी, वर दुमडलेली होती. मग काका येऊन बसले.

ती बराच वेळ चालली. मग एका दगडावर बसली. मागे वळून वर बघितलं. वर एक लहानसा लाल ठिपका होता. मला वाटलं, ते तिचं घर. मग तिने डोक्यावरची बरणी काढली.

काकांना मिशा आठवतात. असतील. मला डोळे आठवतात. ती रडत होती, अण्णा. अगदी जवळून दाखवलं होतं, सगळ्या पडद्याएवढं तोंड, आणि गालांवरून पाणी. मी घाबरले. नियम मोडला होता. मी पटकन तिच्या छातीवरच्या डबीकडे बघितलं.

दिवा चालू होता.

सिनेमा तिथंच संपला. मी सगळी माणसं उठेपर्यंत पडद्याकडे बघत बसले, कारण मला वाटलं काहीतरी चुकलं आहे, आता विझेल. काका ओढत होते. मला विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं. म्हणून मी ते चित्र तसंच ठेवून दिलं आणि नियम पाळत राहिले. तो नियम सिनेमात नव्हता, तू घातलेला होता, हे कळायला मला एवढी वर्षं लागली. आणि सिनेमाने तो त्याच दिवशी, माझ्या समोर खोटा ठरवला होता. तू दहा मिनिटं आणखी बसला असतास तर तुलाही दिसलं असतं.

काल संध्याकाळी मी समाधीवर गेले होते. घरून एक तांब्या पाणी नेलं. राखणदार बघत होता, त्याला बघू दिलं. अव्वाला सांगितलं, पोरगी पोचली. बाकी जे झालं ते लिहीत नाही, नियम मोडला एवढंच. करडगी गळ्यातच होती. घरी आल्यावर उघडून बघितली.

रविवारी सकाळच्या एसटीने मी देगलूरला येते आहे. करडगी आणते. ती तू ठेव, किंवा मी ठेवते, ते तिथं बसून ठरवू. वहिनींना सांग, पाणी घरचंच प्यायला देतील तर बरं. आणि तू स्टँडवर घ्यायला ये. आल्यावर शेंगा घ्यायला म्हणून कुठं जाऊ नकोस.

तुझी
कांता